कॉलरच्या आतली अक्षरं

मैना कापड बघत नसे, चोळत असे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून एकदा चोळलं की तिला कळे. सुती असलं तर ते बोटांत मऊ पडतं, टेरिकॉट निसटतं, आणि हल्ली जे येतं ते नुसतंच गरम होतं. रत्नागिरीबाहेर जुन्या चिरेखाणीच्या काठावर सुक्या कचऱ्याची पत्र्याची शेड आहे. तिथे ती सहा वर्षं वर्गीकरणाला होती. या सहा वर्षांत बोटांत गरम होणाऱ्या कापडाचा ढीग सगळ्या ढिगांपेक्षा उंच झाला होता.

बाटल्यांना गिऱ्हाईक होतं. पुठ्ठ्याला होतं, दुधाच्या पिशव्यांना होतं, फुटक्या बादलीलासुद्धा होतं. कापडाला कोणीच नव्हतं. पूर्वी जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या बाया दारोदार फिरायच्या. त्याही दिसेनाशा झाल्या. शेडमधलं कापड महिनाभर साठायचं आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मोठी गाडी येऊन ते कुठेतरी लांब, सिमेंटच्या भट्टीत जाळायला घेऊन जायची.

"बाटलीचां बूच नेतील, पण शालू नेणार नाय कोण," लवूदादा म्हणायचे. लवूदादा साठीचे. पूर्वी मच्छीच्या लाँचवर होते, कंबर गेल्यावर इथे पुठ्ठे दाबायच्या यंत्रावर आले. तोंड मात्र लाँचवरचंच राहिलं होतं. एका लग्नाच्या हळदीचे चाळीस पिवळे कुर्ते एकदम आले होते, प्रत्येकाच्या पाठीवर छापलेलं – नवरीची बहीण, नवरीची मावशी, नवरीचा मामा. लवूदादांनी मामा उचलून पाठीला लावून बघितला. "बघ गो मैना, मामापण टाकलान. लगीन टिकलां म्हणजे मिळवली."

"तुम्ही घाला. तुम्हाला शोभतो."

"भाचीला कोण हुडकेल मग?"

मैना राजापूर तालुक्यातली, घाटाच्या पायथ्याच्या गावची. लहानपणी ती ज्या गोधडीत निजायची तिच्यात कोण कोण आहे ते तिला बोट ठेवून सांगता यायचं. लाल ते आजीचं लुगडं, चौकडीचा आप्पांचा सदरा, हिरवी पट्टी आत्याच्या लग्नातली. कापड विरेपर्यंत अंगावर, मग गोधडीत, गोधडी विरली की गुरांच्या गोठ्यात, आणि शेवटी चुलीच्या फडक्यात. एक पातळ संपायला वीस वर्षं लागत. आता तिच्यासमोर जे येई त्यातलं निम्मं दोनदासुद्धा धुतलेलं नसे. काही तर पाकिटातून बाहेरच आलेलं नसे. तिचा नवरा अनिल मुंबईला कुरियरच्या गोदामात होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. एकदा ती त्याला म्हणाली होती, "तुम्ही तिकडनं भरून पाठवता आणि मी हिकडे उपसते. मधल्या मधे लोक नुसतां खोकां फोडतात." तो हसला होता. तिलाही तेव्हा हसू आलं होतं.

शेडमधल्या पाच बायकांचे कापडाबाबत दोन नियम होते. ते कुणी लिहून दिलेले नव्हते. कापड विकलं जात नाही म्हणून ते जिच्या हाताला लागेल तिचं. घरी न्यावं, लेकरांना घालावं, कुणी हरकत घेत नसे. पण मयताच्या गाठोड्याला हात लावायचा नाही. ते ओळखता यायचं. चादरीत बांधलेलं, चार टोकांची गाठ, आत उशी, अंथरूण, औषधाच्या बाटल्या. आलं की तसंच उचलून पलीकडे. आणि दुसरा नियम म्हणजे कपड्यावरचं नाव घालवल्याशिवाय तो घरात न्यायचा नाही. शाळेच्या गणवेशावर, रेनकोटवर, स्वेटरच्या आत लोक नावं लिहितात. एका बाईच्या मुलीला वर्गातली पोरं तिच्या स्वेटरमधल्या नावानं हाका मारायला लागली होती. पोरगी पंधरा दिवस शाळेत गेली नाही. तेव्हापासून सगळ्या जणी लेबल उसवत, शाई घासत. मैनाचा हात यात सगळ्यांत साफ. तिच्याकडे जुना टूथब्रश होता, ब्लीचची बाटली होती, लिंबू असे. ती घासायला बसली की शाईचा माग राहत नसे.

दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला, शिवाजीनगरच्या घंटागाडीतून तीन पिशव्या आल्या. काळ्या, चकचकीत, दोरीच्या मुठी असलेल्या, कोल्हापूरच्या कुठल्याशा मॉलमधल्या. आत घड्या घातलेले एका मुलीचे कपडे. कुर्त्या, टॉप, दोन जीन्स, एक डेनिमचं जॅकेट. ना चादर, ना गाठ, ना उशी. मैनाला वाटलं, कपाट लावताना कंटाळून टाकलेले. असं दिवाळीत फार होतं. तिनं जॅकेट चोळून बघितलं. सुती, जाड, खरं कापड. पाठीवर आपली नव्हेत आणि इंग्रजीही नव्हेत अशी अक्षरं भरलेली.

"सानवीला होतां ह्या," ती म्हणाली.

"होतां कसलां, तिच्याचसाठी शिवलान," लवूदादा म्हणाले.

सानवी तिची मुलगी. वीस वर्षांची, बाहेरून बी. कॉम. करत होती. शहरालगतच्या नाचणे गावात दोन खोल्यांत मायलेकी राहत. मैनानं ते सगळे कपडे गरम पाण्यात सोडा घालून भिजवले, जंतुनाशकात बुडवले, दोनदा धुतले, तीन दिवस उन्हात टाकले. जीन्स गुडघ्यावर फाटलेल्या होत्या. तिनं आतून सुरेख ठिगळं लावली. सानवी पोट धरून हसली. "आई, फाटलेल्या म्हणूनच महाग असतात गं त्या!" मग तीच ठिगळं तिनं ब्लेडनं उसवली. जॅकेटच्या कॉलरच्या आत बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं होतं, चार-पाच अक्षरं, पाठीवरल्यासारखीच, वाचता न येणारी. मैनानं टूथब्रश घेतला. शाई हट्टी होती. ब्लीच लावावं लागलं. तिथे बोटभर जागा पांढरी पडली, पण अक्षर राहिलं नाही.

"शनिवारच्या बाजारातनं आणलां, तीस रुपयांत," ती सानवीला म्हणाली. "एक्सपोर्टचा माल."

सानवीनं जॅकेट अंगात घालून बघितलं. कुठून आणलं ते विचारायचं नाही, असं दोघींमध्ये न बोलताच ठरलेलं होतं.

ते जॅकेट घालून सानवी मारुती मंदिराजवळच्या एका नव्या कपड्यांच्या शोरूममध्ये मुलाखतीला गेली. मॅनेजर तिला म्हणाले, तुझा ड्रेसिंग सेन्स चांगला आहे, आम्हाला अशाच मुली हव्यात. आई काय करते विचारल्यावर ती म्हणाली, नगरपरिषदेत आहे. तिला कामावर घेतलं. कंपनीनं दोन टीशर्ट दिले, छातीवर कंपनीचं नाव असलेले. त्यावर जॅकेट चढवून ती सकाळी निघाली की वाडीतल्या बायका दारातून बघत. मैनाही बघे. आपल्या अंगावर सहा वर्षं त्याच दोन साड्या आणि वरून कामाचा एप्रन. तिचं तिला काही नव्हतं. पण पोरगी रस्त्यानं चालली की कोण कुठली हे कुणाला ओळखता येत नाही, एवढ्यावर तिचा दिवस जाई.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी अकराच्या सुमाराला एक बाई स्कूटी लावून शेडमध्ये आली. पंचेचाळीसची असेल. साधा पंजाबी ड्रेस, हातात हेल्मेट, केस नीट विंचरलेले. आत आल्यावर लोक नाकाला रुमाल लावतात, तिनं लावला नाही.

"मावशी, शिवाजीनगरच्या गाडीतले कपडे इथेच येतात का?"

"येतात. काय हरवलां काय?"

"तीन पिशव्या होत्या. काळ्या. दोरीच्या मुठीच्या." तिनं हातानं मूठ दाखवली. "साधारण तीन आठवडे झाले. मुलीचे कपडे होते."

मैनाच्या हातात तेव्हा कुणाची तरी चड्डी होती. ती तशीच राहिली.

"मुलगी गेली माझी," बाई म्हणाली. वाक्य पुष्कळदा म्हणून गुळगुळीत झालेलं होतं. "वसुबारसेच्या आदल्या दिवशी. हातखंब्याला, स्कूटीचा अपघात. अक्षया नाव. माझे मिस्टर बोटीवर असतात, तेव्हा भर समुद्रात होते, उतरता आलं नाही त्यांना. तेरावं झालं आणि जाऊबाईंनी कपडे काढून टाकले. मला गोळी देऊन झोपवलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं, गेलेल्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. चादरीत बांधले तर गाडीवाले घेत नाहीत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून पिशव्यांत भरले."

मैना ऐकत होती. चादर नव्हती. गाठ नव्हती.

"मिस्टर शुक्रवारी येतायत. फोनवर म्हणाले, तिचं काही हलवू नकोस, मी येऊन बघतो. मी सांगितलंच नाही त्यांना." बाईनं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "बाकी काही नको. एक जॅकेट होतं. जीन्सच्या कापडाचं. त्यांनीच कोरियाहून, बुसानहून आणलं होतं. कॉलरच्या आत तिनं पेननं काहीतरी लिहिलेलं, त्या भाषेत. मोबाइलवर शिकायची ती. मी विचारलं नाही कधी काय लिहिलंय. मला ते जॅकेटच आवडायचं नाही. हळदीकुंकवाला घालून आली होती, तर चार बायकांसमोर मी... जाऊ दे. ह्यांना वाचता येईल. तिकडे चार वेळा जाऊन आलेत. नाहीतर तिकडच्या कुणाला तरी दाखवतील."

"वयनी," मैना म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "दिवाळीचा माल गेला. दाबून पाठवला."

"कसला गेला?" यंत्रामागून लवूदादा ओरडले. त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं. "ह्यो काय ढीग. गाडी बेस्तवारी यायचीय."

बाईनं ढिगाकडे पाहिलं. तो पत्र्यापर्यंत पोचला होता.

"मी बघितलं तर चालेल?"

कोण नको म्हणणार? बाईनं ओढणी कमरेला बांधली आणि खाली बसली. तिचं नाव राजश्री, एका शाळेच्या ऑफिसात कारकून, हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी ती चार वाजेपर्यंत नुसती कपडे उपसत होती. मोजे, परकर, बाळाची दुपटी, हळदीचे कुर्ते. एकेक उचलायची, झटकायची, बाजूला ठेवायची. हातमोजे दिले तर म्हणाली, "नको, मोज्यातून कळत नाही." जाताना म्हणाली, "उद्या सुट्टी टाकते."

ती गेल्यावर लवूदादा मैनासमोर येऊन उभे राहिले. त्यांना तोवर सगळं समजलं होतं. जॅकेट पिशवीत घालताना त्यांनीच पाहिलं होतं.

"काय गो?"

"काय?"

"त्या बाईला कपडे उपसायला लावलास."

"मला काय ठावूक होतां? गाठोडां असतां तर हात लावला असता काय मी?"

"ठावूक नव्हतां तेव्हा नव्हतां. आता हाय मां?"

"सानवीच्या अंगावर हाय तां, लवूदा," मैना म्हणाली. "मी काय सांगू तिला? मेलेल्या पोरीचां घातलानीस?"

लवूदादांनी यंत्राचं बटण दाबलं. पुठ्ठे चिरडल्याचा आवाज थांबल्यावर ते म्हणाले, "आज नाय सांगितलास तर उद्या ती बाई अख्खो ढीग उपसेल. आन परवा परत येईल."

मंगळवारी राजश्री खरंच आली. जुना ड्रेस घालून, डबा घेऊन आली. ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. दुपारी तिनं मैनाला डबा पुढे केला, घावन आणि बटाट्याची भाजी. "माझां झालां," मैना म्हणाली.

"तुम्हाला मुलगी आहे का, मावशी?"

"हाय. एक."

"कितीची?"

"वीस."

"अक्षया एकोणीसची." राजश्रीनं घावनाचा तुकडा केला पण खाल्ला नाही. "कपड्यांच्या बाबतीत ऐकायची नाही माझं. मी नवीन ड्रेस शिवून आणायचे, कपाटात तसेच पडायचे. मी म्हणायचे, अगं, तुला बघून वाटतं तरी का तू आमच्यातली आहेस? तर म्हणायची, कुणातली वाटते सांग. मला सांगता यायचं नाही." "आता सगळ्या ढिगात मला तिच्याच वयाच्या मुलींचे कपडे दिसतायत. सगळ्यांचे सारखेच आहेत हो. ही कुठली, ती कुठली, काही कळत नाही. म्हणून ती अक्षरं पाहिजेत. तेवढंच तिच्या हातचं."

मैना उठून नळावर गेली आणि हात धूत राहिली.

संध्याकाळी सानवी आली तेव्हा मैना भात लावून बसली होती. सानवीनं जॅकेट काढून खुंटीला लावलं, केस सोडले, नव्या मालाबद्दल काहीतरी सांगायला लागली. थंडीचा माल आलाय म्हणे, रत्नागिरीत कसली थंडी, पण लोक घेतायत.

"सानू, तां जॅकेट मला दे."

"का? धुवायचंय?"

"परत द्यायचां हाय."

"बाजारात?"

मैनानं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, तिला ते जमतच नव्हतं. पिशव्या, शिवाजीनगर, हातखंबा, बाई, डबा. सांगताना ती भाताकडे बघत होती. सानवी खुंटीपासून दोन पावलं मागे सरकली.

"कचऱ्यातले असतात ते मला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज हळू होता. "तीस रुपयांत असलं कोण देतं बाजारात? मला काय अक्कल नाही? मी म्हटलं, असू दे, लोकांना कंटाळा येतो, टाकतात. कुणाचा तरी जुना ड्रेस, त्यात काय. पण मेलेल्या माणसाचे, आई?"

"चादरीत नव्हतां गो. पिशवीत होतां. मला वाटलां..."

"या कुर्त्या? त्याच पिशवीतल्या?"

"हो."

"आणि ती मरून रंगाची? गेल्या वर्षीची?"

मैनानं आठवून बघितलं. मरून कुर्ती कुठल्या गाडीतून आली होती? तीही पिशवीतूनच. सगळंच पिशव्यांतून येतं आता.

"आणि हा स्कर्ट? ती निळी ओढणी, जी मी आत्याकडच्या लग्नात घातली? ती कुणाची?"

"सांगता येत नाय, सानू."

"म्हणजे असेलही."

"असेलही," मैना म्हणाली. खोटं बोलायला हवं होतं, ते तिच्या लक्षात आलं तेव्हा वाक्य होऊन गेलं होतं.

सानवी न्हाणीत गेली. पाणी तापवलेलं नव्हतं. डोक्यावरून तांब्यांवर तांबे ओतल्याचा आवाज येत राहिला, स्मशानातून आलेली माणसं करतात तसा. बाहेर आली तेव्हा अंगावर कंपनीचा टीशर्ट होता आणि खाली मैनाचा परकर. ओल्या केसांनी तिनं कपाटातले कपडे काढून ओटीवर टाकायला सुरुवात केली. एकेक कपडा उचलायची, बघायची, टाकायची. थोड्या वेळानं बघणंही थांबलं. कपाट रिकामं झालं तेव्हा तिच्या नावावर दोन टीशर्ट होते आणि दोन्हींवर कंपनीचं नाव होतं.

"जेव तरी," मैना म्हणाली.

"माझं काय होतं गं यात?" सानवी म्हणाली. "एवढी वर्षं मला वाटायचं, माझी काहीतरी आवड आहे. मॅनेजर म्हणाले पण. ती त्या मुलीची आवड होती."

ती जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून निजली.

बुधवारी सकाळी मैनानं जॅकेटला पुन्हा इस्त्री केली. का केली ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्याची वस्तू परत द्यायची तर नीट द्यावी, एवढंच असेल. वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं ते शेडमध्ये नेलं. राजश्री आधीच येऊन बसली होती. ढीग उपसून संपत आला होता. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

मैना तिच्यासमोर उकिडवी बसली आणि कागद पुढे केला.

"वयनी, मी खोटां बोलले. माझ्याकडे होतां ह्या. पिशव्या मलाच गावल्या. मेलेल्याचे हायत ते कळलां असतां तर हात लावला नसता. मुलगी घालत होती माझी."

राजश्रीनं कागद सोडवला. मैनाला वाटलं ती ओरडेल, किंवा मारेल. मारावं असंही वाटलं. राजश्रीनं जॅकेट दोन्ही हातांनी उचललं आणि तोंड त्यात खुपसलं. खूप वेळ. लवूदादांनी यंत्र बंद केलं. बाकीच्या बायका काम थांबवून उभ्या राहिल्या.

राजश्रीनं तोंड वर काढलं. डोळे कोरडे होते.

"धुतलंत?"

"हो. दोनदा. सोडा घालून, गरम पाण्यात. कुणाचा काय रोग असतो, म्हणून आम्ही..."

"हं." तिनं कॉलर उलटी केली. बोटभर पांढरी जागा. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, मग नखानं जरा खरवडून बघितलं, खाली काही असेल म्हणून. "इथे होतं."

"नाव घालवतो आम्ही," मैना म्हणाली. "नाव ठेवून कपडा घरात नेत नाय. लेकरांना पोरां चिडवतात."

"कशी होती अक्षरं? तुम्ही बघितलीत ना? काढून दाखवता येतील?"

मैनानं डोळे मिटले. तिला घासलेला ब्रश आठवत होता, निळा होत गेलेला फेस आठवत होता. कापडाचा पोत आठवत होता, सुती, जाड, बोटांत मऊ पडणारा. अक्षरांचं तिनं काही बघितलंच नव्हतं. ती शाई होती आणि घालवायची होती.

"एक गोल होता," ती शेवटी म्हणाली. "बाकी नाय आठवत."

"गोल," राजश्री म्हणाली. तिनं जॅकेटची घडी घातली. आधी बाह्या आत, मग अर्धी, मग कॉलर वर येईल अशी. "हे दुकानातलं झालं हो पुन्हा. नवंकोरं." मग, जणू कुणाच्या घरून निघताना काहीतरी चांगलं बोलायलाच हवं म्हणून, ती म्हणाली, "छान धुतलंत. मला नसता एवढा डाग निघाला."

"मुलगी तुमची रागावली असेल," ती दारातून वळून म्हणाली. "तिला सांगा, माझी काही तक्रार नाही. अक्षया कुणाला काही द्यायला नाही म्हणायची नाही." आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, "ह्यांना सांगेन, तुमच्यासाठी मीच धुऊन ठेवलं."

स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. लवूदादांनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

मैनानं तो निरोप सानवीला सांगितला. सानवीनं ऐकून घेतला. ती म्हणाली, "शोरूममधल्या एका मुलीबरोबर खोली बघितलीय मी मारुती मंदिरला. एक तारखेपासून." मैनानं कारण विचारलं नाही. "ते ओटीवरचं तेवढं उचल," सानवी म्हणाली. "मला ते जाता-येता दिसतं."

गुरुवारी सकाळी मैनानं ओटीवरचे कपडे दोन गोणींत भरले आणि गल्लीत आलेल्या घंटागाडीवर टाकून स्वतःही पुढे बसून शेडला आली. मोठी गाडी दहाला लागली. कापड वजनाला हलकं आणि फुगीर, नुसतं टाकत गेलं तर अर्ध्या ढिगातच हौदा भरतो. म्हणून बायका वर चढून ते पायांनी तुडवतात. मैना वर चढली. खालून बायका टाकत होत्या, ती पसरत होती आणि तुडवत होती. मग तिच्या दोन गोणी वर आल्या. तिनं तोंड सोडून त्या उलट्या केल्या. मरून कुर्ती, स्कर्ट, निळी ओढणी.

लवूदादा फळीला धरून उभे होते. "चांगले कपडे हायत गो ह्यात. एखादा ठेव. पायपुसणां तरी होईल."

"नको."

"सगळेच मयताचे नसतील."

"कोणचे ते सांगा मग," मैना म्हणाली.

ड्रायव्हरनं पुढून डोकं काढून मागे बघितलं. खाली अजून हातभर ढीग शिल्लक होता.

"दाबा, मावशी," तो ओरडला. "दाबलं की बसतंय."

मैनानं साडीचा काचा मारला, फळीला धरलं आणि एका पायावर सगळा भार टाकला. मग दुसऱ्यावर.